पडद्यावर लंगडणारी घड्याळं

आमचं दार एक, पण दुकानं दोन. आत आलं की डाव्या हाताला मी, चष्मेवाला. उजव्या हाताला ताई, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या. मधे कमरेएवढी लाकडी आडभिंत. ती भिंत फक्त गिऱ्हाइकांसाठी आहे. आमची बोलणी तिच्यावरून बावीस वर्षं चालू आहेत आणि त्यातली निम्मी भांडणं आहेत.

ताई आता एकोणसाठच्या. वडिलांच्या टेबलाशी बसून काम शिकल्या. त्यांच्या हातात पेन्सिल यायच्या आधी चिमटा आला, असं त्या स्वतःच सांगतात, आणि अक्षर बघितलं की खरंही वाटतं. नाकावर राग कायम. एकदा एक साहेब घड्याळ पुढे करून म्हणाले, "काही विशेष नाही, तेल घालायला झालंय." ताईंनी घड्याळ हातातसुद्धा घेतलं नाही. म्हणाल्या, "दुखणं तुम्ही ओळखलंत, औषध तुम्ही सांगितलंत, मग मी काय नुसतं झाकण उघडू?" साहेब दुसऱ्या दिवशी मुकाट्याने परत आले. चांगल्या कारागिराचा उद्धटपणा लोक खपवून घेतात. माझा कोणी खपवून घेत नाही.

त्यांची एक पद्धत होती. घड्याळ जोडून झालं की ते लगेच बंद करायचं नाही. उघड्या घड्याळात एक बारीक चाक पुढे-मागे झुलत असतं, त्याला हे लोक बॅलन्स म्हणतात. घड्याळाचा सगळा जीव त्या झोक्यात. ताई हात मांडीवर ठेवून पाच मिनिटं तो झोका बघत बसायच्या. त्या पाच मिनिटांत कोणी हाक मारायची नाही, मीसुद्धा नाही. बाजूला टिकटिक ऐकून वेळेची रेघ काढणारं एक यंत्र होतं, पण त्याचं ऐकायच्या ते नावापुरतंच. "ते कानाने बघतं," म्हणायच्या, "मी डोळ्यांनी बघते."

बघून बघून मान गेली. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून टेबलावर वाकायचं म्हणजे दुसरं काय होणार? डावा हात मुंग्यांनी भरायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी गळ्यात पट्टा घातला आणि सांगितलं, वाकणं बंद. ताईंनी मान डोलावली, म्हणजे पट्ट्यात जेवढी डोलते तेवढी, आणि दुकानात येऊन पुन्हा वाकल्या. मग त्यांची लेक आली. लेक आईवर गेलेली. तिने टेबलावरची तिन्ही भिंगं उचलली, पर्समध्ये टाकली आणि मला बजावलं, "मामा, तुमच्याकडचं भिंग तिला दिलंत तर माझ्याशी गाठ आहे." दुसऱ्या आठवड्यात जावई सामान घेऊन हजर. एका दांड्यावर कॅमेरा, डब्याएवढा कॉम्प्युटर आणि डोळ्यांच्या उंचीवर मोठा थोरला पडदा. घड्याळ कॅमेऱ्याखाली ठेवायचं, ताठ बसायचं आणि पडद्याकडे बघत काम करायचं. तासाभरात सगळं जोडून जावई गेलेसुद्धा.

ताईंनी हे मनापासून स्वीकारलं, याचं मला आश्चर्य वाटलं. पहिले पंधरा दिवस त्यांनी नुसते सेल बदलले, पट्टे लावले आणि मोडक्या घड्याळांवर हात बसवला. चिमटा इकडे, नजर तिकडे, हे सोपं नाही. पण जमलं. बशीएवढा स्क्रू पडद्यावर बघून त्या लहान मुलीसारख्या खूश व्हायच्या. मला वाटलं, चला, सुटलो.

मग त्यांनी पहिलं चावीचं घड्याळ घेतलं. खोललं, धुतलं, तेल दिलं, जोडलं. पाच मिनिटं पडद्याकडे बघत बसल्या. पाचाची दहा झाली.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "हे लंगडतंय."

मी आडभिंतीवरून डोकावलो. माझ्या नजरेला चाक हलत होतं, एवढं पुरेसं होतं. पण त्यांनी दाखवल्यावर मलाही दिसलं. झोका सरळ जायचा आणि मधेच बारीकसा हिसका बसायचा, पायरी चुकल्यासारखा. यंत्राची रेघ मात्र सरळ होती. ताईंनी यंत्राकडे बघितलंही नाही. पुन्हा खोललं. पुन्हा तेच. चार दिवसांनी त्यांनी ते घड्याळ गिऱ्हाइकाला परत केलं आणि सांगितलं, "माझ्याच्याने नाही झालं." बावीस वर्षांत हे वाक्य मी त्या तोंडून ऐकलं नव्हतं.

दुसरंही तसंच परत गेलं. मग मी आपली विद्या पाजळली. त्यांचे डोळे तीनदा तपासले, पडद्याच्या अंतराचा नवा नंबर काढून दिला. डोळे ठणठणीत होते. मी म्हटलं, "ताई, त्या पडद्यातच काही नसेल ना?"

"नाचता येईना अंगण वाकडं म्हणणाऱ्यातली मी नाही," त्या फटकन म्हणाल्या. "हात गेलाय माझा. हत्याराला कशाला नावं ठेवू?"

वडिलांनी शिकवलेलं होतं ते. त्यांच्या टेबलाशी कोणी हत्याराला दोष दिला, तर त्या दिवशी त्याने फक्त फरशी झाडायची. ताईंच्या हाडात ते मुरलं होतं. जग आधी दुसऱ्याला दोष देतं, या बाई आधी स्वतःला. वरवर बघणाऱ्याला हे फार थोर वाटेल. मला तेव्हा त्याचा नुसता संताप येत होता, कारण पुढे काय होणार ते मला दिसत होतं.

झालंही तेच. सोमवारी त्यांनी मला सांगितलं की कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला जागा हवी आहे, शनिवारी तो टेबलाचं माप घ्यायला येईल. हातात एकच घड्याळ उरलंय, सिस्टरचं. ते नीट झालं तर बघू. ते लंगडलं तर संपलं.

"आणि मग करणार काय?" मी विचारलं.

"ताठ बसणार," त्या म्हणाल्या.

सिस्टर म्हणजे पलीकडच्या रुग्णालयातली जुनी नर्स. तिचं घड्याळ गणवेशाला उलटं टाचायचं, चावीचं, तिच्या मोठ्या बाईंनी निवृत्त होताना तिला दिलेलं. पंचवीस वर्षं ती त्यावर पेशंटची नाडी मोजत आलेली. दुसरं घड्याळ तिला चालत नाही. ती आपलं घड्याळ शनिवारी संध्याकाळी न्यायला येणार होती.

मंगळवारी ताईंनी ते जोडलं. लंगडलं. गुरुवारी पुन्हा खोललं, पुन्हा लंगडलं. त्या दोन दिवसांत त्यांच्या तोंडाला कुलूप. माझ्याशी भांडल्यासुद्धा नाहीत. दुकानात इतकी शांतता की गिऱ्हाइकं हळू बोलायला लागली. मला भीती वाटत होती, हे मी लपवत नाही. त्या गेल्या असत्या तर उजव्या हाताला मोबाइलची गाणी वाजली असती आणि मी सकाळी दार कुणासाठी उघडायचं, हे मला ठाऊक नव्हतं.

शनिवारी दुपारी तिसऱ्यांदा तेच. पाच मिनिटं बघून ताईंनी सिस्टरचं घड्याळ बाजूला ठेवलं. मग स्वतःच्या मनगटावरचं काढलं, मागचं झाकण उघडलं आणि ते कॅमेऱ्याखाली सरकवलं. ते घड्याळ त्यांच्या वडिलांनी त्यांना लग्नात दिलेलं, मिनिटाला मिनिट बरोबर. त्या रेडिओच्या बातम्यांवर ते लावत नाहीत, बातम्या वेळेवर लागतात की नाही ते त्यावर बघतात.

तेही लंगडत होतं.

शहाण्या माणसाने इथेच ओळखलं असतं. मीही ओळखायला हवं होतं. पण ताई म्हणाल्या, "हेही गेलं. दहा वर्षं उघडलेलं नाही, तेल वाळलं असणार," आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी ते चांगलं चालणारं घड्याळ खोलायला घेतलं. घड्याळजी असल्याशिवाय इतकी मोठी चूक करता येत नाही. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, अहो, वेळ बरोबर दाखवतंय ना? त्यांना वेळेशी काय देणंघेणं, त्यांना झोका दिसत होता.

"ताई, हात नका लावू," मी ओरडलो आणि आडभिंत ओलांडून गेलो. चष्म्याच्या काडीचा स्क्रू पिळत होतो, तो बारीक स्क्रूड्रायव्हर हातातच होता. "हे बघा, हे चाक, हे कालपर्यंत..." असं म्हणत मी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने चाक दाखवलं.

पडद्यावर माझा स्क्रूड्रायव्हर आला. पण सरळ नाही आला. हिसके देत आला.

मला आधी वाटलं, माझाच हात कापतोय. वय माझंही झालंय. मी श्वास धरून तो हळूच डावीकडे नेला. हातातला गुळगुळीत सरकला, पडद्यावरचा अडखळत गेला.

"परत हलवा," ताई म्हणाल्या.

हलवला. त्यांनी माझ्या हातातून तो हिसकावून घेतला आणि कॅमेऱ्याखाली सावकाश एक गोल काढला. त्या हाताने सुईच्या टोकावर गोल निघतो. पडद्यावर तो जागोजाग ठेचकाळला. त्यांनी पुन्हा काढला. एकदा हाताकडे बघितलं, एकदा पडद्याकडे. त्यांचा चेहरा मी आधी पांढरा होताना पाहिला आणि मग लाल.

"हा मेला लंगडतोय!" त्या पडद्याला म्हणाल्या. "आणि मी पाच आठवडे स्वतःला खाते आहे!"

इथे अंगणच वाकडं होतं. मी हे बोलून दाखवलं नाही. बावीस वर्षांत एवढं कळतं.

जावयांना फोन लावला. ते मीटिंगमध्ये होते, कुजबुजत म्हणाले, "सेटिंगमध्ये जाऊन बघा, आई," आणि फोन ठेवला. उंटावरून शेळ्या हाकणं याहून सोपं नसेल. मी सेटिंग उघडलं. त्यात इतकी बटणं होती की मी घाबरून ते बंद केलं. एवढ्यात दारात मोबाइलवाला उभा, हातात मोजपट्टी. तिशीचा, सज्जन माणूस, आवाज मऊ.

"ताई, माप घेऊ का?"

"माप राहू दे, दादा. आधी इकडे या," ताई म्हणाल्या, आणि तो आला. काय चाललंय ते त्यांनी गोल काढून दाखवलं. त्याने दोन मिनिटं बघितलं, ताईंचा टेबलदिवा कॅमेऱ्यापासून लांब नेला, जवळ आणला. हिसके कमी-जास्त झाले.

"घड्याळाचा काही दोष नाही," तो म्हणाला. "हा कॅमेरा सेकंदाला कधी पन्नास चित्रं पाठवतो, कधी पंचावन्न. उजेडावर आहे ते. पण पडदा ठरवून साठच दाखवतो, कमी नाही, जास्त नाही. मग चित्रं पुरत नाहीत, तेव्हा काही चित्रं तो दोनदा दाखवतो. तोच तुमचा हिसका."

ताईंना हे मला कळायच्या आधी कळलं. टिकटिक मोजण्यातच त्यांचा जन्म गेलेला. "म्हणजे हा स्वतःच्याच तालात," त्या म्हणाल्या. "समोरचा काय देतोय, ते बघतच नाही."

"बरोबर. त्याला थांबायला शिकवायचं. चित्र आलं की दाखव, नाही आलं तर थांब. व्हेरिएबल रिफ्रेश रेट म्हणतात. पडदा नवा आहे, त्याला येत असणार."

मग सुरू झालं. पडद्याच्या मागच्या बाजूला एक बटण होतं. ते शोधायला मला टेबलाखाली आणि त्याला भिंतीशी घुसावं लागलं. दाबल्यावर पडद्यावर एक यादी आली. त्यात हवी ती ओळ होती, पण फिकट, दाबता न येणारी. त्याने कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये बघितलं, तिथे ती ओळच नव्हती. तो डोकं खाजवत बसला. मग मागची वायर उपटून त्याने नाकाशी धरली.

"ही वायर कुठली?"

"जावयांनी घरून आणलेली. जुन्या टीव्हीची," ताई म्हणाल्या.

"पडद्याच्या खोक्यात त्याची स्वतःची निघाली नव्हती?"

ताईंनी टेबलाचा तळातला खण ओढला. वायर तिथेच होती, पारदर्शक पिशवीत, वेटोळं घालून, बांधलेली बारीक तारसुद्धा न सोडलेली. नवी वस्तू लगेच वापरायची नाही, जुनीवर चालतंय तोवर चालवायचं, ही ताईंची रीत. घरी चादरीसुद्धा अशाच घडीत आहेत, त्यांचे यजमान सांगतात. काखेत कळसा आणि आम्ही पाच आठवडे गावाला वळसा घालत होतो.

"चांगली होती म्हणून ठेवली," त्या पुटपुटल्या. मोबाइलवालासुद्धा हसला नाही, मी मात्र हसलो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी आपलं काम आठवून घेतलं.

नवी वायर लावल्यावर ती फिकट ओळ उजळली. त्याने ती चालू केली. पडदा काळा झाला, तीन श्वास काळाच राहिला, आणि परत आला. मग कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्येही ती ओळ उगवलेली होती. "दोन्हीकडे लागतं," तो म्हणाला. "एकट्याने चालू करून भागत नाही." तिथलंही बटण सरकवलं. कॅमेऱ्याचं चित्र पूर्ण पडदाभर केलं. दिवा कमी असताना पडदा जरासा लुकलुकत होता, म्हणून दिवा जवळ आणून तिथेच घट्ट पिळून ठेवला.

ताईंनी स्क्रूड्रायव्हरने गोल काढला. पडद्यावर गोल निघाला. नुसता गोल.

ताईंनी आधी स्वतःचं घड्याळ घेतलं, दोनच स्क्रू निघाले होते, ते बसवले आणि कॅमेऱ्याखाली ठेवलं. चाक झुललं. तिकडे गेलं, क्षणभर थांबलं, परत आलं, कुठे अडखळणं नाही, घाई नाही. ते त्यांनी पाच मिनिटं बघितलं नाही. पंधरा सेकंदांत उचललं आणि मनगटावर चढवलं. मग सिस्टरचं घड्याळ ठेवलं.

ते मात्र त्यांनी पाचही मिनिटं बघितलं. हात मांडीवर, पाठ ताठ, मान पट्ट्यात. मोबाइलवाल्याला या रीतीची माहिती नव्हती, पण तोही गप्प उभा राहिला. मी घड्याळाकडे बघत नव्हतो, ताईंकडे बघत होतो. त्यांचे खांदे हळूहळू खाली आले. गेला महिनाभर ते कानांशी होते, हे मला तेव्हा लक्षात आलं. मला फार बरं वाटलं. इतकं की मी उगाच एक चष्मा पुसला.

मोबाइलवाल्याने मोजपट्टीकडे बघितलं आणि मग टेबलाकडे. "ताई," तो म्हणाला, "मी आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला का?"

"पाडलात," ताई म्हणाल्या. "चहा घ्या."

तो चहा घेऊन गेला, आणि मला वाटतं रागावून नाही गेला. जाताना ताईंनी त्याला विचारलं, त्याच्या दुकानात सूक्ष्म काम करायला भिंग आहे का कॅमेरा. भिंग, तो म्हणाला. "मान सांभाळा," ताई म्हणाल्या. मग त्यांनी फोन घेतला आणि परत पाठवलेल्या दोन्ही घड्याळांच्या मालकांना एकेक फोन केला. दोघांनाही एकच सांगितलं: घड्याळ बरोबर आहे, माझं बघणं चुकत होतं. वाटलं तर घेऊन या, पुन्हा तपासून देते. पहिल्या मालकाने काहीतरी म्हटलं असावं, कारण ताई म्हणाल्या, "हो, माझीच चूक. पडद्याची नाही. मी त्याला पाच आठवडे काही विचारलंच नाही."

सिस्टर सहाच्या सुमारास आली. ड्यूटी सुरू व्हायला अर्धा तास होता, गणवेश घातलेलाच.

"झालं का हो, ताई? आठवडाभर भिंतीवरच्या घड्याळावर नाड्या मोजते आहे. मान दुखायला लागली."

"मंगळवारीच झालं होतं," ताई म्हणाल्या. "मला आज कळलं."

सिस्टरला त्यातलं काही समजलं नाही. तिने घड्याळ हातात घेतलं, पण कानाला लावलं नाही, लोक लावतात तसं. तिची रीत वेगळी. तिने काउंटरवरचा ताईंचा हात धरला, उलटा केला, मनगटावर तीन बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघत मोजायला लागली. ताईंनी हात ओढून घेतला नाही. पूर्ण एक मिनिट आम्ही तिघं तसेच. बाहेर कोणीतरी शटर ओढत होतं.

"घड्याळ एकदम छान चालतंय," सिस्टर शेवटी म्हणाली आणि तिचे डोळे ताईंकडे वळले. "पण ताई, ठोके एकशे चार आहेत. एवढे कशाने? धावत आलात का कुठून?"

ताईंनी हात तिच्या हातातच राहू दिला.

"असू देत," त्या म्हणाल्या. "आजच्या दिवस असू देत."